रेणू एक, कण वेगळे : काळ्या बुरशीच्या एका रुग्णाला लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन देताना आलेल्या प्रतिक्रियेचा प्रकरण अभ्यास

रुग्ण आणि निदान

मे २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात काटोल तालुक्यातील ५२ वर्षांचे एक संत्रा बागायतदार नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाले. त्यांना ११ वर्षांपासून मधुमेह होता. एप्रिलमध्ये कोविड होऊन गेला होता आणि त्या आजारात त्यांना नऊ दिवस स्टेरॉइड द्यावे लागले होते. घरी परतल्यावर बाराव्या दिवशी डावा गाल दुखू लागला, वरच्या दाढा हलत असल्यासारखे वाटू लागले, नाकातून काळपट स्राव आला आणि डाव्या डोळ्याखाली सूज दिसू लागली. तालुक्याच्या दंतवैद्यांनी दाढ न काढता त्यांना त्याच दिवशी नागपूरला पाठवले. या प्रकरणात पुढे जे काही चांगले घडले त्याची सुरुवात त्या निर्णयात आहे, असे मी मानतो.

नाकातून घेतलेल्या नमुन्यात रुंद, आडपडदे नसलेले आणि जवळजवळ काटकोनात फुटणारे बुरशीचे धागे दिसले, म्हणजे निदान म्युकरमायकोसिसचे, म्हणजेच काळ्या बुरशीचे होते. एमआरआयमध्ये डाव्या गालाच्या सायनसपासून डोळ्याच्या खोबणीच्या तळापर्यंत आजार पोहोचलेला होता, मेंदू मात्र सुरक्षित होता. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी १०.४ टक्के, मूत्रपिंडाचे काम बिघडले की वाढणारे क्रिएटिनिन १.१ आणि वजन ६४ किलो होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी औषध सुरू झाले आणि त्यानंतरच्या दिवशी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून मृत ऊती काढण्यात आल्या.

मी त्या वेळी रुग्णालयात औषधसुरक्षेचे काम पाहत होतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. औषधांचा क्रम, मात्रा आणि वेळा तशाच ठेवल्या आहेत.

औषध आणि त्याचे वाहन

म्युकरमायकोसिसवरचे मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन बी आहे. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेला हा रेणू १९५० च्या दशकापासून वापरात आहे. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटून तो पटलाला भोके पाडतो. आपल्या पेशींत अर्गोस्टेरॉल नसते, पण त्याचा जवळचा नातेवाईक असलेले कोलेस्टेरॉल असते, आणि तिथेही तो थोडा चिकटतोच. त्याचा सर्वाधिक मार मूत्रपिंडाला बसतो. रेणू पाण्यात विरघळत नसल्याने जुन्या औषधात तो डिऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या मदतीने पाण्यात विरवलेला असतो. थंडी वाजून येणारा ताप, घसरणारे पोटॅशियम आणि चढणारे क्रिएटिनिन ही त्या जुन्या औषधाची सर्वांच्या ओळखीची किंमत आहे.

लायपोसोमल प्रकारात हाच रेणू मेदाच्या पोकळ गोळ्याच्या, म्हणजे लायपोसोमच्या, भिंतीत बसवलेला असतो. मूळ औषधातील हे गोळे १०० नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, म्हणजे त्यांच्या सत्तर-ऐंशी पट असते. फॉस्फोलिपिडे, कोलेस्टेरॉल आणि किंचित ऋण विद्युतभार देणारा एक मेद यांपासून भिंत बनते. मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण साडेपाच नॅनोमीटरपर्यंतचे कणच सहज निसटतात, त्यामुळे हे गोळे मूत्रात जात नाहीत. यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि त्यांतील मेद शरीर आपल्या नेहमीच्या मार्गाने पचवते. सर्वच नॅनोकणांच्या बाबतीत असे घडत नाही. १९३० नंतरची दोन दशके क्ष-किरण तपासणीसाठी थोरोट्रास्ट नावाचे थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण शिरेतून दिले जात. तेही यकृत-प्लीहेत जमत, पण विरघळत नसत, आणि किरणोत्सारी असल्याने काही दशकांनी त्या रुग्णांच्या यकृतात कर्करोग उद्भवला. म्हणून कण शरीरात घालण्यापूर्वी तो कुठे जातो आणि तिथे त्याचे शेवटी काय होते, हे दोन्ही विचारावे लागते. लायपोसोमच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. आमची अडचण वेगळ्याच ठिकाणी उभी राहिली.

पहिले सात दिवस

लायपोसोमल औषधाची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे या रुग्णासाठी रोज ३२० मिलिग्रॅम होत होती. एका व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, ५० मिलिग्रॅम असते. तुटवड्याच्या त्या दिवसांत सातवी व्हायल फोडून तिच्यातले बरेचसे औषध टाकून देणे कुणालाच परवडणारे नव्हते, म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे सहा व्हायल ठरवल्या. पहिले चार दिवस हे औषध सुरळीत गेले. पोटॅशियम ४.२ वरून ३.४ वर आले, ते भरून काढले. याच आठवड्यात, २० मे रोजी, केंद्र सरकारने या आजाराची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले. त्यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

पाचव्या दिवशी औषध संपले. रुग्णालयाला मिळालेल्या वाट्यातून एकही व्हायल उरली नाही, आणि रुग्णाच्या मुलाने दिवसभर धंतोली, रामदासपेठ आणि सीताबर्डीतली औषध दुकाने पालथी घालूनही हाती काही लागले नाही. शेवटी जुने, डिऑक्सिकोलेटचे औषध मिळाले आणि तेच देण्याचा निर्णय झाला. उपचारात खंड पडण्यापेक्षा तो निर्णय योग्यच होता.

त्या संध्याकाळी एक मोठा अपघात थोडक्यात टळला. कागदावर चार दिवसांपासून ‘ॲम्फो बी ३०० मि.ग्रॅ., रोज एकदा’ एवढेच लिहिलेले होते. रेणूचे नाव बरोबर, आकडाही बरोबर. कण मात्र कुठेच लिहिलेला नव्हता. जुन्या औषधाची मात्रा किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम, आणि कोणत्याही परिस्थितीत दीडपेक्षा जास्त नसते, म्हणजे या रुग्णासाठी सुमारे ६० मिलिग्रॅम. लायपोसोमची मात्रा जुन्या औषधातून दिली गेल्याने हृदय बंद पडून रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. सहा व्हायल ट्रेमध्ये मांडल्या गेल्या होत्या आणि पहिलीत पाणीही घातले गेले होते. तेव्हा वॉर्डातील सिस्टर थांबल्या आणि त्यांनी मला फोन केला. “सर, ह्याचा रंग रोजच्यासारखा नाही. रोजचं गढूळ पिवळं होतं, हे अगदी स्वच्छ दिसतंय.” त्यांनी पाहिले ते अगदी खरे होते. डिऑक्सिकोलेटचे द्रावण पारदर्शक पिवळे असते, आणि लायपोसोमचे मिश्रण प्रकाश विखुरणाऱ्या कणांमुळे धूसर दिसते. कागदाने न सांगितलेला कण सिस्टरांना डोळ्यांनी दिसला. या एका निरीक्षणाने रुग्णाचा जीव वाचला, हे मी नोंदवहीत तेव्हाही लिहिले होते.

मात्रा दुरुस्त करून तीन दिवस जुने औषध दिले. मूत्रपिंडाला आधार म्हणून प्रत्येक वेळी आधी अर्धा लिटर नॉर्मल सलाईन, म्हणजे मिठाचे पाणी, दिले जाई. रुग्णाला रोज हुडहुडी भरे, आणि तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.९ वर गेले.

आठव्या दिवसाची संध्याकाळ

नवतपा, म्हणजे मे अखेरचा नऊ दिवसांचा कडक उन्हाळा, लागला त्याच दिवशी लायपोसोमल औषध पुन्हा मिळाले, पण ते दुसऱ्या उत्पादकाचे होते. रुग्णाच्या मुलाने ते शहराच्या दुसऱ्या टोकाहून दुपारच्या उन्हात मोटारसायकलवर, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून आणले. संध्याकाळी साडेसहाला ते डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या पाण्यात मिसळून, एकूण २५० मिलिलिटर करून लावण्यात आले. इन्फ्युजन पंप सगळे व्यग्र असल्याने थेंब मोजून वेग ठरवला गेला. तो मिनिटाला सुमारे ऐंशी थेंब, म्हणजे चार मिलिलिटर होता, आणि त्या हिशेबाने दोन तासांचे औषध तासाभरात संपले असते.

सहाव्या मिनिटाला रुग्ण म्हणाले की छातीवर कुणीतरी बसल्यासारखे वाटते आहे. पाठोपाठ डाव्या कुशीत असह्य कळ आली आणि चेहरा लाल झाला. ऑक्सिजन ९७ वरून ८९ वर आला. रक्तदाब घसरला नाही, उलट १५०/९४ झाला. अंगावर पुरळ नव्हते आणि छातीत घरघरही नव्हती. औषध लगेच बंद केले, ऑक्सिजन लावला आणि शिरेतून ॲव्हिल हे ॲलर्जीरोधक औषध दिले. हायड्रोकॉर्टिसोन भरून तयार ठेवले होते, पण या आजाराला स्टेरॉइडनेच वाट करून दिलेली असल्याने ड्यूटीवरील डॉक्टरांनी ते हातचे राखून ठेवले, आणि त्याची गरजही पडली नाही. पंधरा मिनिटांत सर्व लक्षणे शमली. ईसीजी आणि ट्रोपोनिन ही हृदयाची इजा दाखवणारी रक्तचाचणी, दोन्ही सामान्य होते.

ड्यूटीवरील डॉक्टरांनी फाईलवर लाल शाईने लिहिले : ‘ॲम्फोटेरिसिनची ॲलर्जी’. मुलगा दाराशी उभा होता. त्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, बाबाले हे औषध चालतच नाही काय? मंग आता मी काय आणू?”

कारणांचा शोध

त्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी त्या संध्याकाळी शिरेत नेमके काय गेले हे ठरवणे भाग होते. काळा बाजार टाळण्यासाठी रिकाम्या व्हायल मोजून ठेवण्याची आमची पद्धत होती, त्यामुळे सहाही व्हायल, त्यांचे बॅच क्रमांक आणि उरलेली बाटली हाती आली. ड्रिपची नळी सिस्टरांनी फेकलेली नव्हती.

पहिली शंका उष्णतेची होती. त्या दुपारी पारा ४४ अंशांच्या आसपास होता. लायपोसोमचे पटल तापले तर औषध गळू शकते आणि कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ शकतात. बर्फाचा धोका निराळा आहे. तयार द्रवरूप औषध गोठले तर बर्फाचे स्फटिक कणांची भिंत फाडतात. पण आमच्या व्हायलमधले औषध गोठवून सुकवलेल्या चकतीच्या रूपात होते, प्रवास तासाभराचा होता आणि डब्यातला बर्फ संपलेला नव्हता. चकत्या अखंड होत्या आणि पाणी घालून जोरात हलवल्यावर मिश्रण एकजीव झाले होते, असे सिस्टरांनी सांगितले. ही शंका मी मागे ठेवली, पण पूर्णपणे सोडली नाही.

दुसरी शंका सलाईनची होती आणि ती अधिक गंभीर होती. लायपोसोमवरील ऋण भारामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात. मिठाच्या पाण्यातील आयन हा भार झाकून टाकतात आणि कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊ लागतात. म्हणूनच या औषधासोबत नॉर्मल सलाईन वापरू नये, पाच टक्के डेक्स्ट्रोजच वापरावे आणि मिसळताना ५ मायक्रॉनच्या गाळणीतून औषध सोडावे, असे उत्पादक बजावतात. फुप्फुसातील केशवाहिन्या त्याच मापाच्या असतात. त्यापेक्षा मोठी गुठळी तिथेच अडकेल. मिसळण्याचे काम सिस्टरांनी नियमाप्रमाणेच केले होते. पण जुन्या औषधासाठी सुरू केलेली अर्ध्या लिटर सलाईनची सूचना कागदावरून कुणी खोडलेली नव्हती. त्यामुळे त्या दिवशीही आधी सलाईन गेले आणि मग त्याच नळीत, ती डेक्स्ट्रोजने न धुता, लायपोसोम जोडले गेले.

इथे आपल्या बोलण्यातल्या एका सवयीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. मराठीत शिरेतून दिल्या जाणाऱ्या कोणत्याही बाटलीला आपण ‘सलाईन’ म्हणतो. रुग्ण म्हणतो सलाईन लावले, नातेवाईक म्हणतात सलाईन संपले, आणि वॉर्डातही घाईत ‘सलाईनमध्ये टाकून द्या’ असे म्हटले जाते, तेव्हा आत डेक्स्ट्रोज असू शकते किंवा मिठाचे पाणीही. एरवी यातून फारसे बिघडत नाही, कारण बहुतेक औषधे दोन्हींत चालतात. ज्या औषधात मीठ आणि साखर यांच्या फरकावर कणाचे अस्तित्व अवलंबून आहे तिथे ही सवय धोक्याची आहे. दुसरी एक मानवी गोष्टही सिस्टरांशी बोलताना समजली. मधुमेही रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावायला अनेकांचा हात कचरतो, आणि साखर वाढू नये या काळजीपोटी सलाईनच निवडले जाते. आमच्या रुग्णाला त्या औषधातून मिळणारी साखर जेमतेम नऊ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या पोळीच्या कर्बोदकांइतकी होती. इन्सुलिनचे दोन-तीन युनिट तिच्यासाठी पुरेसे होते. हा हिशेब आम्ही आधीच सांगायला हवा होता. सिस्टरांना आम्ही नियम दिला होता, त्यामागचे कारण दिले नव्हते.

नळी दिव्यापुढे धरून पाहिली. साका नव्हता, पांढरट धागे नव्हते आणि बाटलीतील उरलेले मिश्रणही एकसारखे होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या गुठळ्या झाल्याच नसतील असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही तिसरे कारण मला अधिक पटले.

ते कारण लायपोसोमच्या ओळखीच्या प्रतिक्रियेचे आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या तात्काळ प्रतिक्रियांचे तीन गट सांगितले आहेत : छातीत दुखणे, धाप आणि ऑक्सिजन घसरणे; पोट, कूस किंवा पायात तीव्र वेदना; आणि चेहरा लाल होणे किंवा गांधी उठणे. त्यांतील ८६ टक्के प्रतिक्रिया पहिल्या पाच मिनिटांत आल्या होत्या आणि ॲव्हिलच्याच गटातील औषधाने सर्व रुग्ण लवकर सावरले होते. आमच्या रुग्णाचे वर्णन याच्याशी जुळते. वेळेचा हिशेब केला तर ते आणखी जुळते. सहा मिनिटांत २४ मिलिलिटर गेले, पण त्यातले पहिले दहा-अकरा मिलिलिटर नळीत अडकलेले सलाईनच होते, म्हणजे औषध शिरेत पोहोचून तीन-साडेतीन मिनिटेच झाली होती आणि त्याची मात्रा होती सुमारे १५ मिलिग्रॅम. जुन्या स्वरूपात ६० मिलिग्रॅम ज्यांनी तीन दिवस पचवले, त्यांच्यात १५ मिलिग्रॅम रेणूची विषबाधा इतक्या लवकर संभवत नाही.

ही प्रतिक्रिया कशी घडते? आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने सतत पहारा देत असतात. परक्या पृष्ठभागाला ती चिकटतात आणि एकमेकांना जागे करत जातात. विषाणूच्या आकाराचा मेदाचा गोळा त्यांना शत्रूसारखाच दिसतो. त्यातून सुटणारे तुकडे मास्ट पेशी आणि पांढऱ्या पेशींना चिथावतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि छाती आवळते. हंगेरीचे शास्त्रज्ञ यानोश सेबेनी यांनी या प्रकाराला कॉम्प्लिमेंटमुळे होणारी छद्म-ॲलर्जी म्हटले आहे, आणि कर्करोगावरील लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनमध्येही ती आढळते. खऱ्या ॲलर्जीपासून तिचे वेगळेपण उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तिला आधीच्या ओळखीची गरज नसते, ती पहिल्याच वेळी येते. ती वेगावर अवलंबून असते आणि बहुधा पुढच्या खेपेला सौम्य होते. खरी ॲलर्जी पुढच्या खेपेला उग्र होऊ शकते.

मग पहिले चार दिवस काहीच का झाले नाही? दुसऱ्या उत्पादकाचा कण हा नवा कण होता. आकारांचा पसारा, भिंतीतील कोलेस्टेरॉलचे प्रमाण, पृष्ठभागावरील भार आणि रेणू भिंतीत किती घट्ट बसला आहे, यांतल्या कोणत्याही फरकाने रक्तातील पहारेकऱ्यांचे वागणे बदलू शकते, आणि वॉर्डात यातले काहीही मोजता येत नाही. दोन लायपोसोम सारखे आहेत हे सिद्ध करणे किती अवघड आहे, हे अमेरिकेतील अनुभवावरून दिसते. तिथे मूळ लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनला १९९७ मध्ये परवानगी मिळाली आणि त्याच्या पहिल्या जेनेरिकला, सन फार्माच्या औषधाला, थेट डिसेंबर २०२१ मध्ये. आपल्याकडेही २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांत नव्या वाहक-पद्धतीतील औषधे कायमची ‘नवीन औषधे’च मानली जातात, इतर औषधांप्रमाणे चार वर्षांनी त्यांची ही ओळख संपत नाही. त्याच वर्षी नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली. म्हणजे कण बदलला की औषध बदलले, ही गोष्ट कायद्याने ओळखलेली आहे. आमच्या कागदाने ती ओळखली नव्हती. आठव्या दिवशीची मात्रा आम्ही ‘चालू औषधाचा पुढचा डोस’ समजलो. पहिल्या दिवशी १ मिलिग्रॅमची चाचणी-मात्रा दहा मिनिटांत देऊन अर्धा तास वाट पाहिली होती. नव्या उत्पादकाचे औषध आले तेव्हा ही पायरी कुणाला आठवली नाही, मलाही नाही.

‘ॲलर्जी’ हा शब्द

फाईलवरील लाल शब्द रुग्णासाठी प्रतिक्रियेपेक्षा घातक ठरू शकला असता. या आजारात ॲम्फोटेरिसिनला त्याच ताकदीचा पर्याय नाही. पोसाकोनाझोल आणि आयसावुकोनाझोल ही बुरशीविरोधी औषधे आहेत, पण आजार डोळ्याच्या खोबणीशी टेकलेला असताना केवळ त्यांच्यावर विसंबणे डॉक्टरांना मान्य नव्हते. जुन्या औषधाकडे परतावे तर क्रिएटिनिन १.९ होते. आणि हा शब्द एकदा फाईलवर बसला की पुढच्या प्रत्येक रुग्णालयात तो तसाच उतरवला जातो.

त्या रात्री साडेनऊला उपचार करणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि मी बसलो. मी मांडले ते एवढेच : या रुग्णाने हा रेणू सात दिवस घेतला आहे, चार दिवस एका लायपोसोममध्ये आणि तीन दिवस पित्तक्षारात. आज बदलला तो फक्त कण, त्याचा वेग आणि त्याच्या वाटेतले मिठाचे पाणी. म्हणून फाईलवर रेणूची ॲलर्जी लिहू नये. भूलतज्ज्ञांनी एक आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. पुन्हा तसेच झाले आणि या वेळी रक्तदाब कोसळला तर? म्हणून पुढची मात्रा वॉर्डात न देता अतिदक्षता विभागात द्यावी आणि ॲड्रेनलिन हाताशी ठेवावे, असे ठरले. मुलाला हे सर्व समजावून सांगितले आणि त्याच्या वडिलांची लेखी संमती घेतली. तो फक्त म्हणाला, “तुम्ही जवळ राहा जी.”

दुसऱ्या दिवशी त्याच उत्पादकाचे, त्याच बॅचचे औषध दिले. आधी ॲव्हिल आणि पॅरासिटामॉल दिले. सलाईन सकाळीच संपवले होते. नवी नळी डेक्स्ट्रोजने भरून घेतली. चाचणी-मात्रेनंतर अर्धा तास थांबून, पहिला अर्धा तास नेहमीच्या चौथाई वेगाने आणि मग हळूहळू वाढवत, चार तासांत औषध पूर्ण केले. छातीत काहीही झाले नाही. तिसऱ्या दिवसापासून वॉर्डात पंपावर तीन तासांत तेच औषध जाऊ लागले.

यातून तिन्ही कारणे वेगळी काढता येत नाहीत, कारण वेग, नळी आणि पूर्वौषध हे सगळे आम्ही एकाच वेळी बदलले. अभ्यासाच्या दृष्टीने हे उणे आहे, पण रुग्णाच्या दृष्टीने दुसरा मार्ग योग्य झाला नसता. त्याच बॅचचे औषध चालले, एवढ्यावरून उष्णतेने बिघडल्याची शंका मात्र बरीच मागे पडली.

रक्ततपासणीतील एक चकवा

सोळाव्या दिवशी रक्तातील फॉस्फेट ८.१ आले आणि मूत्रपिंड निकामी होत आहे की काय या विचाराने सगळे धास्तावले. पण क्रिएटिनिन उतरून १.४ झाले होते, कॅल्शियम सामान्य होते आणि लघवी भरपूर होत होती. काही विशिष्ट विश्लेषक यंत्रांच्या पद्धतीत लायपोसोममुळे फॉस्फेट खोटे वाढलेले दिसते, ही नोंद औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. त्याच दिवशी दुसऱ्या पद्धतीने तपासणी केली असता फॉस्फेट ३.६ आले. फॉस्फेट उतरवणाऱ्या गोळ्या लिहून झाल्या होत्या, त्या रद्द केल्या. नॅनोकणाच्या सुरक्षिततेत तो शरीराशी कसा वागतो याबरोबरच तो आपल्या मोजमापांना कसा फसवतो, हेही मोजावे लागते.

नोंद आणि पुढचे

प्रतिक्रियेचा अहवाल औषध-सतर्कता कार्यक्रमाच्या फॉर्मवर भरून पाठवला. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून हा कार्यक्रम चालतो आणि १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. फॉर्मवर औषधाचे नाव, उत्पादक आणि बॅच यांसाठी जागा असते. विरवण्याचा द्रव, शेवटचा वेग, नळीत आधी काय होते आणि त्याआधी कोणत्या उत्पादकाचा कण किती दिवस गेला, हे मी खालच्या मोकळ्या जागेत लिहिले, कारण त्याशिवाय तो अहवाल वाचणाऱ्याला ‘ॲम्फोटेरिसिन’ या शब्दापलीकडे काहीच कळले नसते. कारणसंबंधाच्या रकान्यात ‘दाट शक्यता’ असे नोंदवले.

वॉर्डातील औषधपत्रक आम्ही त्याच आठवड्यात बदलले. ‘ॲम्फो बी’ हा संक्षेप बंद केला आणि ‘लायपोसोमल’, ‘लिपिड कॉम्प्लेक्स’, ‘इमल्शन’ किंवा ‘साधे’ यांपैकी एक शब्द लिहिल्याशिवाय फार्मसीने औषध देऊ नये असे ठरवले. उत्पादक बदलला की तो पहिला दिवस मानायचा. प्रत्येक प्रकारासोबत त्याचा द्रव कोणता हे त्याच्याच माहितीपत्रकातून उतरवायचे, आठवणीतून नाही. कारण भारतातच विकसित झालेले एक लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन मुळात मिठाच्या पाण्यातच असते आणि देण्यापूर्वी ध्वनिलहरींनी हलवून घ्यावे लागते, तर आम्ही वापरलेल्या औषधाला तेच मिठाचे पाणी वर्ज्य. बाटलीवर ‘सलाईन’ हा शब्द न लिहिता ‘एनएस’ (मिठाचे पाणी) किंवा ‘डी-फाइव्ह’ (पाच टक्के डेक्स्ट्रोज) लिहायचे, हा नियम सिस्टरांनी स्वतः सुचवला.

रुग्णाला लायपोसोमल औषध एकूण २६ दिवस मिळाले आणि त्यानंतर पोसाकोनाझोलच्या गोळ्या सुरू झाल्या. डाव्या वरच्या जबड्याचा काही भाग काढावा लागला, त्या जागी कृत्रिम टाळू बसवला. डोळा आणि दृष्टी वाचली. घरी जाताना क्रिएटिनिन १.२ होते. संत्र्याच्या मृग बहाराचा ताण तोडायची, म्हणजे रोखलेले पाणी पुन्हा सुरू करायची वेळ टळून गेली होती, आणि बागेला पाणी देण्याचे काम त्या वर्षी मुलाने एकट्याने केले.

ऑक्टोबरमध्ये ते तपासणीला आले तेव्हा लाल शाईतला शब्द खोडून त्याखाली डॉक्टरांच्या सहीने लिहिलेली ओळ फाईलच्या पहिल्या पानावर होती : ‘ॲम्फोटेरिसिन चालते. लायपोसोमल प्रकारात, उत्पादक बदलल्यावर, जलद वेगाने दिल्यावर छातीत व कुशीत दुखण्याची प्रतिक्रिया. डी-फाइव्हने नळी धुऊन, आधी ॲव्हिल देऊन, चार तासांत दिल्यास सहन झाले.’ त्याखाली दोन्ही उत्पादकांच्या औषधांचे बॅच क्रमांक होते. त्या पानाची प्रत मुलाने प्लॅस्टिकमध्ये घालून आधार कार्डाबरोबर ठेवली होती.